मदत हवी आहे: स्लॅशर व्हिज्युअल नॉव्हेल, भाषांतराची पार वाट, मिओ काही केल्या वाचत नाही (स्पॉयलर आहेत)

मंडळी, एका गेममधे अडकलोय, जाणकारांनी प्लीज मदत करा. जपानी व्हिज्युअल नॉव्हेल आहे (चित्रांसोबत गोष्ट वाचायची आणि मधेमधे येणाऱ्या चॉइसमधून एक निवडायचा, तशी गोष्ट वळते), पीसीवर खेळतोय, इंग्रजी भाषांतर आहे (म्हणजे आहे असं म्हणायचं). नाव इथे मुद्दाम लिहीत नाहीये, कारण ते सर्च केलं की पहिल्याच फोटोत मुखवट्यामागचा चेहरा दिसतो, कोणाला हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सेटअप स्लॅशरचा, म्हणजे एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याच्या गोष्टीचा, नेहमीचाच. सहा मित्रमैत्रिणी, बंद पडलेलं सॅनेटोरियम, बाहेर बर्फ, फोनला रेंज नाही आणि एक मुखवटेवाला कोयता घेऊन फिरतोय. पण लिहिलंय जबरी, मधेच एखादा पॅरा असा येतो की मूळ लिखाण काय असेल ते जाणवतं आणि म्हणूनच सोडवत नाहीये, नाहीतर कधीच अनइन्स्टॉल केला असता.

खरा घोळ चॉइसमधे आहे. साध्या संवादात भाषांतर गंडलं तर मागच्यापुढच्यावरून लावून घेता येतं, पण चॉइस म्हणजे दोन-तीन शब्द, तिथे गंडलं की थेट मुंडकंच उडतं. तिसऱ्या चॅप्टरमधे रेन विचारतो 'यू आर नॉट गोइंग?' आणि खाली येस आणि नो. मला जायचं नव्हतं म्हणून नो दाबलं, तर आमचे हिरो टॉर्च घेऊन निघाले तळघरात! मग चौथ्याच्या शेवटी मिओचा पाय दारात अडकलाय, हिसकावून घेतलेला कोयता आपल्या हातात आहे आणि चॉइस येतात 'वेट', 'शाउट' आणि 'लीव्ह इट बिहाइंड'. मला वाटलं कोयता टाकायचा आणि दोन्ही हातांनी तिला सोडवायचं, कोणालाही हेच वाटेल ना, तर हिरो मिओलाच टाकून पळाला आणि कोयता मात्र हातात घट्ट. पुढचं वर्णन लिहीत नाही, जेवत असाल कोणी.

वर आकारी ज्या माणसाला जिन्यात पाहिलं म्हणते तो इंग्रजीत एका ओळीत 'ही' (he, तो) आणि पुढच्या ओळीत 'शी' (she, ती). खुनी पुरुष की बाई यावरच सगळा सस्पेन्स उभा आहे हो!

तर प्रश्न असे की मिओ वाचू शकते का मुळात, की ती मरणारच अशी स्क्रिप्ट आहे? येस-नो सगळीकडे उलटे समजायचे का? आणि एंडिंगच्या यादीत शेवटचा चौकोन कुलूपबंद दिसतो तो कसा उघडायचा? इंग्रजी वॉकथ्रू (कुठे काय निवडायचं ते सांगणारी यादी) कुठेच नाही, जपानी आहे पण त्यातल्या चॉइस माझ्या स्क्रीनवरच्या चॉइसशी जुळत नाहीत.

प्रतिसाद: +१, मीही इथेच अडकून सोडला होता. तळघरात जाऊ नये, एकटं फिरू नये हे स्लॅशरचे नियम पाळत खेळलो तर उलट लवकर मेलो. वाचतोय.

प्रतिसाद: मूळ जपानीत पूर्ण केलाय, सांगतो. येस-नो सरसकट उलटे करू नकोस. जपानीत नकारार्थी प्रश्नाला 'हाय' (म्हणजे हो) म्हटलं की 'बरोबर, नाही जात' असा अर्थ होतो. आपणही तेच करतो की, 'तू येत नाहीयेस ना?' 'हो, नाही येत.' इंग्रजीत मात्र तिथे 'नो' लागतं आणि भाषांतर करणाऱ्याने (की मशीनने) शब्दाला शब्द ठेवलाय. म्हणून फक्त प्रश्नात 'नॉट' असेल तिथेच उलटं घे, बाकी सरळ.

मिओच्या जागी मूळ शब्द आहे 'ओइते इकु', म्हणजे सोडून जाणे. काय सोडून, वस्तू की माणूस, ते जपानी वाक्यात बोलायची गरजच नसते. ही-शीचंही तसंच, मूळ वाक्यात कर्ताच नाहीये, खुनी लपवायला लेखकाने त्याचा मुद्दाम फायदा घेतलाय. भाषांतरात काहीतरी घालावं लागतं मग जे सुचेल ते घातलंय. त्यामुळे सर्वनामांवरून खुनी शोधत बसू नकोस.

वॉकथ्रूमधले शब्द जुळवू नकोस, क्रमांक जुळव. चॉइसचा क्रम सहसा भाषांतरात तोच राहतो, वरून दुसरा म्हणजे दुसराच. सेटिंगमधे भाषा जपानी करता येत असेल तर एकदा करून खात्री करून घे.

अजून एक, सेटिंगमधे न वाचलेलं टेक्स्टही स्किप करायचा (भराभर पुढे पळवायचा) पर्याय असेल तर तो बंद ठेव. मग चॉइसनंतर स्किप चालू केलं आणि ते लगेच थांबलं तर समजायचं की तुझ्यासाठी नवीन मजकूर आलाय, म्हणजे गोष्टीची फांदी बदलली. धडधडत पुढे गेलं तर तो नुसता दिखाऊ चॉइस, किंवा आतल्या आत पॉइंट मोजणारा. मिओचा मामला पॉइंटवालाच आहे. दुसऱ्या चॅप्टरपासून तिच्याशी कसा वागलास ते मोजलं जातं आणि चौथ्यात फक्त निकाल लागतो, तिथलाच सेव्ह उघडून डोकं आपटून उपयोग नाही.

कुलूप वाईट एंडिंग बघितल्यावर उघडतं, सगळे बघावे लागतात. ते सेव्हमधे नाही, गेमच्या वेगळ्या फाईलमधे नोंदवलं जातं, त्यामुळे नवीन गेम चालू केलास तरी पुसत नाही. म्हणजे तुझी सगळी मरणं कामाला आली.

अवांतर: 'फायनल गर्ल' हा शब्द चित्रपट-अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी स्लॅशर सिनेमांवरच्या 1987 च्या लेखात आणला, शेवटी उरते ती मुलगी. या लेखकाने तो पक्का वाचलेला वाटतो, कोण उरणार याचा तुझा अंदाज असेल तर तो जरा तपासून बघ, याहून जास्त सांगत नाही.

धागाकर्ता: देवमाणूस आहात! क्रमांकाची आयडिया डोक्यातच आली नव्हती. दुसऱ्या चॅप्टरपासून परत खेळलो, 'नॉट'वाला नियम लावला, मिओ वाचली!! पण आता पाचव्यात जनरेटरपाशी चार चॉइस आहेत आणि त्यातल्या दोन इंग्रजीत अक्षरशः सारख्याच आहेत, दोन्ही 'टर्न'. एकाने दिवे लागतात, दुसऱ्याने हिरो मागे वळून बघतो आणि मागे अर्थातच तो उभा असतो. इथे वॉकथ्रूमधे तीनच ओळी दिसतायत. चौथी कुठून आली? आधीच्या कुठल्या चॉइसमुळे येते का ती?