कोरियन मालिका बघताना घरचं कोण आठवलं?

'रिप्लाय १९८८'चा दुसरा भाग परवा तिसऱ्यांदा पाहिला. डोक-सनची आजी गेलेली, आणि तिचे वडील भावंडांबरोबर पाहुण्यांशी हसतायत, पत्त्यांचे डाव रंगलेत. पोरीला समजेना, यांना दुःख झालंय की नाही? मग अमेरिकेतून थोरले काका येतात आणि दिवसभर यजमानपण करणारी ती भावंडं लहान मुलांसारखी हंबरडा फोडतात.

आजोबांच्या तेराव्याला आमचे बाबा आचाऱ्याशी जिलबीच्या किलोंवरून हुज्जत घालत होते. मला भयंकर राग आला होता. सोळाव्या दिवशी कॅनडाहून आत्या आली. रिक्षाचा आवाज आला तसे बाबा अनवाणीच फाटकाकडे धावले. पुढचं लिहीत नाही.

तुमचेही अनुभव लिहा. शेवट फोडलात तरी चालेल.

*

'माय मिस्टर'. जी-आनची आजी जाते तेव्हा या मुलीचं म्हणावं असं कोणीच नाही. तिच्या ऑफिसातले साहेब धरून तीन भाऊ, त्यांतला थोरला, स्वतः बेकार, लपवून साठवलेले पैसे काढतो आणि फुलांच्या चक्रांनी दालन भरून टाकतो. ओळख ना पाळख, सगळी गल्ली जेवायला हजर!
२०२१च्या एप्रिलमध्ये आईला खांदा द्यायला आम्ही तिघंच होतो. चौथे सोसायटीचे वॉचमनकाका. सगळे घाबरून दारं लावून बसलेले असताना ते स्वतःहून आले. त्यांचं आडनाव मला अजून माहीत नाही.

*

'मूव्ह टू हेवन', दहाच भाग. गु-रू आणि त्याचा काका मृतांच्या खोल्या आवरतात. आत शिरताना गु-रू गेलेल्या माणसाला नाव घेऊन सांगतो की तुमचं शेवटचं सामान हलवायला आलोय. मग ठेवण्यासारखं तेवढं एका पिवळ्या खोक्यात.
मावशीचं कपाट मीच आवरलं. गोळ्यांची रिकामी पाकिटं रबर लावून ठेवलेली, प्रत्येकावर तारीख. पावणेदोन वर्षांची. ती आजारी होती हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. खोकं वगैरे काही केलं नाही, पण ती पाकिटं फेकवलीही नाहीत.

*

सगळे 'हाय बाय, मामा'मधल्या यू-रीसाठी रडतात. मेलेल्या आईला माणूस म्हणून ४९ दिवस मिळतात आणि शेवटी मुलीपायी ती परत जाते. (बौद्ध समजुतीप्रमाणे जीव पुढच्या वाटेला लागेपर्यंतचे हे ४९ दिवस.) मी मात्र मिन-जंगसाठी रडले, सावत्र आईसाठी. मीही दुसरी आई आहे. लेकीच्या शाळेच्या फॉर्मवर 'आईचे नाव' या रकान्यात अजून पहिलीचंच नाव लिहितो. ते मलाच योग्य वाटतं, आणि दर जूनमध्ये जरा लागतंही. मालिका म्हणून फार ओढलीय, सोळा भाग कशाला हवे होते?

*

मालवणहून लिहितेय. 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स'मध्ये जेजू बेटावरच्या हेन्यो आहेत, श्वास रोखून समुद्रात बुड्या मारणाऱ्या बायका. ए-सूनची आई त्यांतलीच, २९व्या वर्षी जाते. पुढे ए-सून आणि ग्वान-सिकचा धाकटा मुलगा वादळात जातो. तरी दोघं राहतात त्याच समुद्राकाठी.
आमचा काका होडीसकट गेला. आजीने दर्याकडची खिडकी कायमची लावून घेतली, पण बाजारात मासे विकायला तिसऱ्या आठवड्यात बसली. 'झील' (मुलगा) हा शब्द तिच्यापुढे कोणी काढायचा नाही. मालिका संपल्यावर मी ती खिडकी उघडून बघितली. बिजागरी गंजून तुटलीच.

*

'आवर ब्लूज' अर्धवट सोडलीय. डोंग-सोक आणि त्याच्या आईचे शेवटचे भाग राहिलेत. माझं आईशी चार वर्षं बोलणं नाही, कारण इथे लिहिण्यासारखं नाही. आईच्या हातच्या देनजांगच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) रश्शावरून त्यात एक प्रसंग आहे असं बायको म्हणाली. तेवढ्यावरच टीव्ही बंद केला. शेवट फोडायला परवानगी आहे हे वाचलं, पण हा एक कृपया राहू द्या.