सर्व्हर-क्लायंटमध्ये ऑब्जेक्ट ‘शेअर’ होतं म्हणजे काय होतं? सामाईक, उतारा की मुखत्यार?

अर्धविराम
एका जावा प्रणालीच्या मराठी माहितीपुस्तिकेत वाक्य आहे : ‘सर्व्हर व क्लायंट ऑब्जेक्ट सामाईकपणे वापरतात.’ पुढे सीरियलायझेशनला (ऑब्जेक्ट पाठवण्यासाठी बाइट्समध्ये बदलणं) ‘क्रमबद्धीकरण’ आणि डीटीओला (‘डेटा ट्रान्सफर ऑब्जेक्ट’, म्हणजे इकडून तिकडे माहिती नेण्यापुरतं ऑब्जेक्ट) ‘विदा हस्तांतरण वस्तू’. शेवटचा शब्द वाचून निरोपसमारंभ असावा असं वाटतं. यापेक्षा बरं काही आहे का?

बांधावरचा
‘सामाईक’ तर सरळ चूक आहे. सामाईक विहीर म्हणजे विहीर एकच, एकाने उपसली की दुसऱ्याचंही पाणी खाली जातं. ऑब्जेक्ट जेसनमधून (माहिती मजकूर म्हणून लिहिण्याची एक मांडणी) किंवा जावाच्या सीरियलायझेशनने जातं तेव्हा असं होत नाही. पलीकडे नवं ऑब्जेक्ट उभं राहतं. क्लायंटवर ‘सेटकिंमत’ म्हटलं तर त्याच्याकडची किंमत बदलेल, सर्व्हरला पत्ताही लागणार नाही.

याला महसुली मराठीत तयार शब्द आहे : उतारा. तलाठ्याचं दप्तर जागेवर राहतं, हवे तेवढे रकाने उतरवून मिळतात. सातबाऱ्याच्या कागदावर पेनने नाव खोडल्याने मालकी बदलत नाही, त्यासाठी गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंदवावा लागतो. डीटीओ हेच करतो. म्हणून डीटीओ = उतारा, आणि बदल परत पाठवणारी विनंती = फेरफार.

खलबत्ता
उतारा मान्य, पण ‘शेअर’ दर वेळी उताऱ्यानेच होतं असं नाही. आरएमआय बघा (दुसऱ्या यंत्रावरच्या ऑब्जेक्टला इथून काम सांगायची जावातली सोय, १९९७च्या जेडीके १.१ पासून). पद्धतीला (मेथडला) दिलेलं ऑब्जेक्ट रिमोट असेल आणि एक्सपोर्ट केलेलं असेल, म्हणजे दुरून वापरायला खुलं असेल, तर पलीकडे स्टब, म्हणजे त्याचा प्रतिनिधी, जातो. नुसतं सीरियलायझेबल असेल तर प्रत जाते. दोन्ही नसेल तर नॉटसीरियलायझेबलएक्सेप्शन ही एरर. स्टबला ‘खुंट’ म्हणण्यात अर्थ नाही. तो मुखत्यार आहे : सही त्याची, पण व्यवहार मूळ मालकाच्या नावावर.

मुखत्यार महाग का पडतो तेही सांगतो. एका ऑर्डरची १२ गेटर (एकेक रकाना वाचणाऱ्या पद्धती) म्हणजे नेटवर्कच्या १२ फेऱ्या. एक फेरी ४० मिलिसेकंदांची धरली तर ४८० मिलिसेकंद. पडद्यावर ५० ऑर्डरींची यादी असेल तर ६०० फेऱ्या, २४ सेकंद! विकसकाच्या यंत्रावर दोन्ही बाजू शेजारी असतात, म्हणून हे तिथे जाणवतच नाही. उतारा आला तो या फेऱ्या वाचवायला : एकदाच जा, सगळे रकाने घेऊन या.

अर्धविराम
मग डीटीओलाच काही ठिकाणी ‘व्हॅल्यू ऑब्जेक्ट’ म्हटलेलं दिसतं ते?

खलबत्ता
जुन्या जे२ईई (मोठ्या प्रणालींसाठीची जावा) मंडळींचा शब्द. पुढे त्यांनीच तो ‘ट्रान्सफर ऑब्जेक्ट’ असा बदलला. सॉफ्टवेअर-लेखक मार्टिन फाउलरने २००२ मध्ये ‘डेटा ट्रान्सफर ऑब्जेक्ट’ म्हटलं, तेच रुळलं. आज व्हॅल्यू ऑब्जेक्ट म्हणजे रक्कम किंवा तारखेसारखं, ओळख नसलेलं, केवळ किमतीवरून सारखं ठरणारं ऑब्जेक्ट. दोन्हींना एकच मराठी शब्द देऊ नका.

घडीमोड
‘क्रमबद्धीकरणा’वर माझा आक्षेप जास्त आहे. क्रम लावणं म्हणजे सॉर्टिंग. शिवाय डेटाबेसमध्ये ‘सीरियलायझेबल’ ही आयसोलेशनची (व्यवहार एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची) पातळी असते, तिथे एकाच वेळी चाललेल्या व्यवहारांचा परिणाम ते एकामागून एक केल्यासारखा यावा ही अट असते. ‘क्रम’ हा शब्द तिथे शोभतो. इथे ऑब्जेक्टची बाइट्समध्ये घडी घालायची आणि पलीकडे उलगडायची. घडी घालणे, घडी उलगडणे. जावात ट्रान्झियंट लिहिलेलं फील्ड (ऑब्जेक्टचा रकाना) ‘क्षणभंगुर’ नव्हे, ते ‘घडीबाहेरचं’. उलगडल्यावर ते नल (रिकामं) किंवा शून्य मिळतं, हाच त्याचा सगळा अर्थ.

बांधावरचा
घडी छान. पण ऑर्डरमध्ये ग्राहक आणि ग्राहकात पुन्हा त्याच ऑर्डरी असतील तर घडी कशी घालणार?

घडीमोड
जावाचं मूळ सीरियलायझेशन पहिल्यांदा भेटलेल्या ऑब्जेक्टला क्रमांक देतं आणि पुन्हा भेटलं की फक्त क्रमांक लिहितं, त्यामुळे वर्तुळ सुरळीत जातं. जेसनमध्ये अशी सोय नाही. जॅक्सनला (जावात जेसन बनवणारी लायब्ररी) थेट एंटिटी, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदीचं ऑब्जेक्ट, दिली की तो गोल गोल फिरून शेवटी एरर देतो. हायबरनेटची (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) एंटिटी असेल तर दुसरीच भानगड : डेटाबेसशी चाललेलं सत्र बंद झाल्यावर आळशी यादीला (गरज पडेल तेव्हाच भरणाऱ्या) हात लावला की लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन, आणि सत्र उघडं असेल तर घडी घालता घालता अर्धा डेटाबेस ओढला जातो. म्हणजे दप्तरच उचलून देऊ नका, उतारा द्या.

खलबत्ता
बांधावरचे यांनी ‘नमुना’ शब्द आणलाच आहे तर क्लासला तोच घ्यावा. नमुना म्हणजे कोरा फॉर्म, ऑब्जेक्ट म्हणजे भरलेला फॉर्म. दोन्ही बाजूंना एकच जार (जावा क्लासेसची एकत्र फाइल) दिला जातो तेव्हा खरोखर सामाईक असतो तो नमुना. सीरियलव्हर्जनयूआयडी हा नमुन्याचा आवृत्तीक्रमांक. तो स्वतः लिहिला नाही तर क्लासचं नाव, इंटरफेस, फील्ड, पद्धती यांवरून काढला जातो. सर्व्हरच्या जारमध्ये एक साधी पब्लिक पद्धत वाढली आणि क्लायंटचा जार जुनाच राहिला की इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन. क्रमांक ठाम लिहिलेला असेल तर वाढलेलं फील्ड जुन्या घडीतून नल येतं, काढलेलं दुर्लक्षित होतं. पण फील्डचा प्रकार इंटचा (छोटा पूर्णांक) लाँग (मोठा पूर्णांक) केलात तर तेव्हाही फुटणार.

टिंब
शब्द ठरवताना रकान्यांतले खड्डेही सांगा. १ एप्रिल २०२५चं बिल. क्लायंटने भारतीय वेळेची मध्यरात्र यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) पाठवली : ३१ मार्च, १८:३०. सर्व्हरने वेळ कापून तारीख ठेवली, आणि बिल मागच्या आर्थिक वर्षात गेलं. ज्या तारखेला वेळ नाही ती ‘२०२५-०४-०१’ अशी मजकूर म्हणूनच पाठवायची, जावात लोकलडेट (वेळ नसलेली तारीख) वापरायची.

दुसरा खड्डा ओळखक्रमांकाचा. जावाचा लाँग ९००७१९९२५४७४०९९३ ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये जेसन उलगडल्यावर ९००७१९९२५४७४०९९२ होतो, कारण तिथे २चा ५३वा घात ओलांडला की एक-एक आकडा नीट धरला जात नाही. एवढ्याने दुसऱ्याच ग्राहकाची नोंद उघडते. क्रमांकही मजकूर म्हणून पाठवा.

बांधावरचा
आणि उताऱ्यावर तारीख असते ती विसरू नका. दोघांनी सकाळी एकाच नोंदीचा उतारा घेतला, दोघांनी फेरफार पाठवला, तर दुसऱ्याने पहिल्याचा बदल पुसला. उताऱ्यात आवृत्तीचा रकाना हवा. फेरफाराबरोबर तो परत आला की सर्व्हरने दप्तराशी ताडायचा. जुना निघाला तर ४०९ (वेबवरचा ‘संघर्ष’ सांगणारा उत्तरक्रमांक) देऊन परत पाठवायचं, गुपचूप लिहून टाकायचं नाही.

अर्धविराम
मग वाक्य असं करतो : ‘सर्व्हर क्लायंटला ऑर्डरचा उतारा देतो, नमुना मात्र दोघांचा सामाईक असतो.’

टिंब
चालेल. फक्त पुस्तिकेत पहिल्यांदा वापरताना कंसात ‘डीटीओ’ लिहा. उतारा परिच्छेदालाही म्हणतात, विषावरही असतो, आणि अमावास्येला तिठ्यावर ठेवतात तो वेगळाच. कोडमध्ये क्लासचं नाव ‘ऑर्डरडीटीओ’च राहू द्या.