डस्ट माइटच्या ॲलर्जीवर जिभेखालचे थेंब: दमट हवा, वीज आणि बीपीची गोळी

खाडीकाठ (चिपळूण)
आईचं वय ५८. बारमाही शिंका, नाक चोंदणं, पहाटे जास्त. सौम्य दमा, इन्हेलर चालू. स्किन प्रिक टेस्टमध्ये (त्वचेला टोचून करतात ती ॲलर्जीची तपासणी) डस्ट माइट (धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे), झुरळ, बुरशी, दोन परागकण आणि कोळंबी पॉझिटिव्ह. ॲलर्जी हळूहळू कमी व्हावी म्हणून या सगळ्यांच्या अर्कांचे मिळून एकाच बाटलीतले थेंब जिभेखाली तीन वर्षं घ्यायला सांगितलेत. असं एकत्र औषध चालतं का? पावसात इथे सारखी लाईट जाते, बाटली कशी टिकवायची? बीपीची गोळीही चालू आहे.

अबोली
आधी गोळीचं बघा, कारण अडलं तर तिथेच अडेल. पाकिटावरच्या औषधाच्या नावाचा शेवट 'लॉल' असा असेल (ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल) तर ती बीटा ब्लॉकर आहे. थेंबांनी गंभीर रिॲक्शन क्वचितच येते, पण आली तर मांडीत ॲड्रेनालिनचं (रिॲक्शन आवरणारं औषध) इंजेक्शन द्यावं लागतं आणि ही गोळी त्याचा असर अडवते. डॉक्टरांना दाखवून बदलता येते का विचारा. मनाने बंद करू नका, अचानक सोडली तर बीपी उसळतं. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालतात ते टिमोलॉलही याच गटातलं. ते सांगायचं हमखास राहून जातं.

दमा ताब्यात नसेल तर थेंब सुरूच करायचे नाहीत. आधी स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करतात ती फुप्फुसांची तपासणी) करून घ्या. तिच्यातला एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा) अपेक्षेच्या ७० टक्क्यांखाली असेल तर थांबायचं.

आता बाटलीचं. टेस्ट पॉझिटिव्ह येणं म्हणजे शरीरात त्या गोष्टीविरुद्ध आयजीई (ॲलर्जीची प्रतिपिंडं) आहे, एवढंच. त्रास तिच्यामुळेच होतोय असं ठरत नाही. बारमाही आणि पहाटे अंथरुणात वाढणारा त्रास बहुतेक माइटचा. पाच-सहा अर्क एकत्र केले की प्रत्येकाचा डोस पातळ होतो, शिवाय बुरशी आणि झुरळाच्या अर्कातली प्रथिनं फोडणारी एन्झाइम्स परागकणांचे अर्क निकामी करतात. माझं स्पष्ट मत: फक्त माइटचे थेंब मागा. टेस्टमध्ये ब्लोमिया हा माइट होता का तेही विचारा, दमट किनारपट्टीवर तो भरपूर असतो.

कोळंबी खाऊन काही होत नसेल तर बंद करू नका. माइट आणि कोळंबी दोघांत ट्रोपोमायोसिन हे मिळतंजुळतं प्रथिन असतं, त्यामुळे टेस्ट अशी येऊ शकते. खाऊन गांधी उठत असतील किंवा घसा आवळत असेल तर मात्र थेंबांआधी डॉक्टरांना सांगा.

दर्यावर्दी
बाटली २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता. दारात नको, तिथे तापमान सारखं वरखाली होतं. गोठलेली बाटली टाकून द्यायची. लाईट गेली तर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास गार राहतो. पुढे थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, त्यावर जाड फडकं आणि मग बाटली. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी वीज असलेल्या गावातल्या मेडिकलवाल्याकडे बाटली ठेवायला द्यावी.

पहिला डोस दवाखान्यातच, नंतर अर्धा तास तिथेच बसायचं. पुढे घरी रोज सकाळी नाश्त्याआधी, घरात दुसरं कोणी असताना. अर्क ग्लिसरीनमुळे दाट असतो. बाटली तिरकी धरली की थेंब लहानमोठे पडतात, म्हणून सरळ उभी उलटी धरा. टोक जिभेला लावू नका. दोन मिनिटं जिभेखाली धरून गिळायचं, नंतर निदान पाच मिनिटं चहासुद्धा नाही. तोंडाला, कानात खाज पहिले एक-दोन आठवडे येते आणि बहुतेकांची आपोआप जाते. अंगभर गांधी, धाप, चक्कर यातलं काही दिसलं तर लगेच जवळचं रुग्णालय.

तोंडात जखम असताना डोस नको. दात काढलाय, तोंड आलंय, माशाचा काटा रुतलाय, तर भरून येईपर्यंत थांबा.

खाडीकाठ
आभार. गणपतीत घरी गर्दी असते, डोस चुकला तर दुप्पट घ्यायचा का?

अबोली
दुप्पट कधीच नाही. एखाद-दोन दिवस चुकले तर नेहमीचाच डोस घ्या. आठवड्याहून जास्त खंड पडला तर फोन करून विचारा, काही वेळा खालच्या डोसपासून पुन्हा चढावं लागतं. गणपतीआधी माळा झाडणं, ट्रंकेतल्या गोधड्या उपसणं ही कामं आईंना देऊ नका.

घरातले माइट कमी करायलाच हवेत. पावसाळ्यात इथली हवा कोरडी होणं शक्य नाही, म्हणून गादी-उशीला घट्ट विणीचे चेन असलेले खोळ घाला आणि चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. नुसत्या उन्हाने माइट मेले तरी त्यांची विष्ठा कापडातच राहते, आणि त्रास तिचाच.

फरक साधारण तीन-चार महिन्यांनी जाणवू लागतो. तोवर इन्हेलर आणि नाकाचा स्प्रे चालूच ठेवा. वर्षभर नियमित घेऊनही काहीच फरक नसेल तर पुढच्या बाटल्या घेण्याआधी निदान पुन्हा तपासायला सांगा.