मदत हवी आहे: चढावर गाडी मिसिंग मारते, सीएनजीची रेल खरंच बदलायची का?

रोजचा_घाट:
नमस्कार. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, सव्वा लाख किलोमीटर झालेत. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं, सिक्वेन्शियल, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला गॅस सोडणारा वेगळा इंजेक्टर. मी रोज संध्याकाळी हडपसरहून सासवडला येते. गेले तीन आठवडे दिवे घाट लागला की तिसऱ्या गिअरमध्ये गाडी झटके देते, मागून कुणी दोरी लावून ओढावी तशी. चेक लाइट लुकलुकतो, वर सपाटीला लागलं की नुसता पेटलेला राहतो. सकाळी उतरताना काही नाही.

मेकॅनिक म्हणतो, "मॅडम, गॅसचे इंजेक्टर गेलेत, अख्खी रेल टाकू." रेल म्हणजे गॅसच्या इंजेक्टरांची अख्खी पट्टी, साडेसात हजार सांगितलेत. त्याआधी त्यानेच चारही प्लग नवे टाकले होते. दहा दिवस गाडी लोण्यासारखी चालली, मग पुन्हा तेच. माझ्याकडे ब्लूटूथचा स्वस्तातला स्कॅनर आहे, त्यावर पी०३०२ दिसतो. पेट्रोलवर घेतली की नव्वद टक्के बरी. पैसे जायचे तर जाऊ देत, पण दुखणं भलतंच निघालं तर?

जुना_पाना:
पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय, त्यातलं इंधन अधूनमधून पेटत नाही, एवढंच. का मारतोय, ते कोड सांगत नाही. आधी उरलेले दहा टक्के सांगा. पेट्रोलवरही झटका येतो का?
आणि लाइट लुकलुकत असताना रेस दाबत राहू नका. न जळलेलं पेट्रोल किंवा गॅस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) जाऊन पेटतो. त्याची किंमत ऐकलीत तर रेल स्वस्त वाटेल.

रोजचा_घाट:
येतो. एसी चालू, गाडीत चौघं आणि वडकी सोडल्यावर पाय पूर्ण दाबला, तर एखाद-दुसरा.

साधा_माणूस:
पेट्रोलच्या टाकीत इंजेक्टर क्लीनर टाकून बघा, माझी सुधारली होती.

जुना_पाना:
साहेब, ते औषध गॅसच्या इंजेक्टरपर्यंत पोचतच नाही.
ताई, पेट्रोलवर चालताना गॅसचे इंजेक्टर बंद असतात. तरी झटका येतोय, मग रेलचा काय दोष? दोन्ही इंधनांना सामाईक काय ते बघा: प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देते ती), कॉम्प्रेशन (सिलिंडर दाब किती धरतो ते). सीएनजीत ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं, आणि चढावर रेस दिली की सिलिंडरमधला दाब वाढून आणखी जास्त. कॉइलकडून ठिणगी नीट जात नसेल तर ती आधी तिथेच हात टेकते.

एक पैसा न घालवता करायचं काम: इंजिन बंद आणि थंड असताना दोन नंबरची कॉइल तीनवर बसवा, तीनची दोनवर. नंबर कुठल्या बाजूने मोजायचे ते मॅन्युअलमध्ये बघा. कोड पुसा आणि घाट चढा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला. जागचा हलला नाही तर दोन आणि तीनचे प्लग अदलाबदल करा. तरीही नाहीच, तर कॉम्प्रेशन आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा, कारण सीएनजीवर व्हॉल्व्हच्या सीट झिजतात.

तेलकट_हात:
कॉइल काढाल तेव्हा टॉर्च मारून प्लगच्या भोकात बघा. या वयाच्या गाडीत तिथे ऑइल उतरतं.

रोजचा_घाट:
रविवारी भावाला हाताशी घेऊन केलं. दोन नंबरच्या भोकात खरंच ऑइल. कॉइलचा रबरी बूट फुगून बुळबुळीत झालाय. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. पुसली, जात नाही.
पण गोंधळ असा की पी०३०३ आला आणि पी०३०२ पण गेला नाही. आता?

जुना_पाना:
गोंधळ नाही, उत्तर आहे. ती रेघ म्हणजे ठिणगीने पाडलेली पायवाट. खालच्या गॅपमधून उडी मारायच्या ऐवजी ठिणगी बाहेरूनच धातूवर उतरते. तशीच रेघ बुटाच्या आत असणार, उलटा करून बघा. बूट कॉइलबरोबर तीनवर गेला, तिथे मिसिंग. रेघवाला प्लग दोनवरच राहिला, म्हणून तिथेही. मेकॅनिकने नवा प्लग जुन्या बुटात घातला, बुटाने दहा दिवसांत त्यालाही नासवलं. दोन्ही एकदम बदला.

तेलकट_हात:
आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग, प्लगच्या नळ्यांच्या सीलसकट. नाहीतर नवा बूटही ऑइलमध्ये भिजेल.

रोजचा_घाट:
बुटात रेघ सापडली. नुसता बूट दुकानात मिळाला नाही, म्हणून एक कॉइल घेतली. तीन नंबरचा प्लगही काढून पाहिला, तो स्वच्छ आहे, म्हणून प्लग एकच घेतला. पॅकिंग आणि मजुरी धरून साडेतीन हजारांत भागलं. काल सीएनजीवर, एसी लावून, तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढले. लाइट नाही, कोड नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग मात्र अजून किंचित थरथरतं.

जुना_पाना:
इंजिन माउंटिंग बघा. आणि त्यासाठी नवा धागा काढा.