तिसरा मजला, लिफ्ट नाही: आपला फ्लॅट भाड्याने देऊन लिफ्टच्या इमारतीत भाड्याने राहावं का?

जिनाबंद (प्रश्न):
कोथरूड, पुणे. आई ७१, बाबा ७६. बाबांना पार्किन्सन्स, आईचे गुडघे गेलेत. स्वतःचा फ्लॅट जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. तो १८,००० ने जाईल. जवळच लिफ्टच्या इमारतीत भाडं २५,००० आणि डिपॉझिट १ लाख मागतात. सांभाळायला ब्युरोची बाई, १२ तासांचे रोज ७००. घरखर्च आणि औषधं महिना २०,०००. पेन्शन नाही, एफडी ४० लाख. पुढे कमी पडलं तर रिव्हर्स मॉर्गेज (घर तारण ठेवून बँकेकडून ठराविक पैसे घेण्याचं कर्ज) काढू, असा विचार आहे. हिशोब बसतोय का?

वही_पेन्सिल:
घोळ शेवटच्या ओळीत आहे. रिव्हर्स मॉर्गेज ज्येष्ठ स्वतः राहतात त्याच घरावर मिळतं, भाड्याने दिलेल्या नाही. आधी कर्ज काढून मग बाहेर पडलात तरी सुटका नाही. सलग वर्षभर दोघांपैकी कोणीच तिथे राहिलं नाही, तर कर्ज वसुलीला येतं. म्हणजे घर एकतर भाडं देईल नाहीतर हे कर्ज. दोन्ही धरून चालू नका.

आता आकडे. भाड्यातला फरक ७,०००, बाई २१,०००, घरखर्च २०,०००. एकूण ४८,०००. ४० लाखांतले ३० ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिना २०,५००. तूट २७,५००. डिपॉझिट देऊन हाताशी उरले ९ लाख, ते पावणेतीन वर्षांत संपतात. त्यावर जे थोडं व्याज मिळेल ते भाडेवाढ खाईल. शिवाय १८,००० वर्षातून अकराच महिने धरा. भाडेकरू बदलताना महिनाभर घर रिकामं राहतंच.

३० लाख एकाच खात्यात कोंबू नका. दोघांच्या नावे मिळून पाच-सहा खाती काढा. मोडायची वेळ आली की एकच मोडता येतं. पहिल्या वर्षात मोडलं तर दिलेलं व्याज परत कापतात, दुसऱ्या वर्षात मुदलातून दीड टक्का, त्यानंतर एक टक्का. जोडीदाराला संयुक्त धारक करा. एकजण गेल्यास खातं त्याच दराने पुढे चालू ठेवता येतं.

दुय्यम_निबंधक_रांग:
करारांबद्दल लिहितो, तुम्हाला दोन करावे लागणार.

महाराष्ट्रात ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सही (नेहमीचा भाड्याचा करार) नोंदवावाच लागतो आणि जबाबदारी मालकाची. आपला फ्लॅट देताना हे टाळलंत आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के व्याज, या बेरजेवर पाव टक्का. तुम्ही घ्यायच्या घराचं तीन वर्षांचं: ९,००,००० + ३०,००० = ९,३०,०००, त्यावर २,३२५ रुपये. नोंदणी फी शहरात १,०००.

नव्या घराच्या करारात भाडेकरू म्हणून आई आणि बाबा दोघांचीही नावं घाला. बहुतेकजण फक्त बाबांचं घालतात. मग बाबा गेले की आईच्या हातात कागद उरत नाही, आणि डिपॉझिट परत मागताना वारसाचे दाखले मागतात. लॉक-इन (ठराविक मुदतीआधी करार मोडता न येण्याची अट) असेल तर तो मालकावर लावा, तुमच्यावर नको. ‘आजारपण किंवा मृत्यू झाल्यास एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल’ ही ओळ एजंटच्या छापील मसुद्यात नसते, ती टाकून घ्या.

घरी येऊन ऑनलाइन नोंदणी करणारे अंगठा घेतात. वयामुळे ठसे झिजले की मशीन घेत नाही, आणि त्यात हात थरथरतो. आधार केंद्रात जाऊन बायोमेट्रिक आधीच अपडेट करून ठेवा.

तुमच्या फ्लॅटवर सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून) लावेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. चौकीदार, सफाई वगैरेंचे २,००० असतील तर २००. दुप्पट मेंटेनन्स मागितला तर देऊ नका.

पाळी_बदल:
बाईचा खर्च मेडिक्लेम सहसा देत नाही. पॉलिसीतलं ‘डोमिसिलरी’ म्हणजे दवाखान्यात भरती व्हावं लागलं असतं असे उपचार घरी घेणं. अंघोळ घालणं, उठवणं-बसवणं त्यात बसत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड दोघांचंही आजच काढा, उत्पन्नाची अट नाही. पण ५ लाख वर्षाला दोघांत मिळून, आणि फक्त भरती झाल्यावर.

ब्युरोशी बोलताना तीन गोष्टी लिहून घ्या: सुट्टीच्या दिवशी बदली कोण पाठवणार, ॲडव्हान्स परत मिळणार का, आणि बाईला येतं काय. नाकातली नळी किंवा इंजेक्शन हे आयाबाईचं काम नव्हे, त्याला नर्स लागते आणि दर वेगळा. पार्किन्सन्समध्ये गोळ्यांच्या वेळा चुकल्या की माणूस जागच्या जागी अडकतो. म्हणून १२ तासांची पाळी सकाळच्या पहिल्या गोळीपासून लावा.

जिनाबंद:
त्यापेक्षा सरळ एखादं सीनियर लिव्हिंग (ज्येष्ठांसाठी राहणं-जेवण-देखभाल असलेलं ठिकाण) बघावं का?

वही_पेन्सिल:
कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय का ते आधी विचारा. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीपुढच्यांना राहणं-जेवण-देखभाल मिळून माणशी महिना २५,००० पर्यंत जीएसटी माफ आहे. खासगी कंपनीचं असेल तर सेवेवर १८ टक्के. ३०,००० चे तिथेच ३५,४०० होतात. आणि ‘केअर’ म्हणजे नुसता कॉल बेल की रात्री उठवायला माणूस, हेही.

टीडीआर_बघू:
तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाचं काही चालू आहे का? कोथरूडच्या बिनलिफ्टच्या इमारतींत हा विषय निघतोच. प्रस्ताव पुढे गेला असेल तर घाईने विकू नका, कारण बांधकामाच्या काळात बिल्डर पर्यायी घराचं भाडं देतो आणि तुमचा ७,००० चा प्रश्न तेवढी वर्षं सुटतो. मात्र तुमच्या भाडेकरूच्या करारात ‘पुनर्विकासासाठी दोन महिन्यांत घर रिकामं करेन’ हे हवंच. तसं काही नसेल तर तीन वर्षं वाट बघू नका. तिसरा मजला विकून तळमजल्याचा लहान फ्लॅट आताच बघा. विकतानाच्या नफ्यातला नव्या घरात गेलेला भाग भांडवली नफा करातून सुटतो.

दुय्यम_निबंधक_रांग:
एक राहिलं. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत जातं आणि सही बँकेतल्या नमुन्याशी जुळेनाशी होते. बाबांना मुखत्यारपत्र करायचं असेल तर करा, पण आपल्याकडे माणसाची समज गेली की मुखत्यारपत्रही संपतं. त्यानंतर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून बचत खात्यात तुमचं नाव ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ असं जोडा आणि नव्या सहीचा नमुना याच महिन्यात देऊन या. सकाळी गोळी घेतल्यावर तासाभराने न्या, तेव्हा हात जरा स्थिर असतो.