फॅनफिकमधला बडोद्याचा वैमानिक, काय काय दुरुस्त करू?

रावपुरा_रातराणी:
गेल्या पावसाळ्यापासून मी एका जुन्या युद्धमालिकेवर फॅनफिक, म्हणजे चाहतीने तिच्याच जगात रचलेली कथा, लिहितेय. मालिका ब्रिटिश वैमानिकांची आहे आणि त्यात मी आपल्या गावचा एक मुलगा घातलाय, दांडिया बाजारातल्या वाड्यातला, सप्टेंबर १९४० मध्ये तो 'बडोदा स्क्वॉड्रन' या हवाई तुकडीत स्पिटफायर हे लढाऊ विमान उडवतो, हुद्दा कॅप्टन. निघायच्या आधी सयाजीराव महाराज त्याला राजवाड्यावर बोलवून पाठीवर हात ठेवतात, तो सीन लिहिताना मी खरंच रडले होते. चौथ्या भागात तो जखमी मित्राला मागच्या सीटवर घालून परत आणतो. आता एका वाचकाने लिहिलंय की यातलं काहीच घडू शकत नाही. वाईट वाटलं पण मला बरोबर लिहायचंय. मुलगा बडोद्याचाच हवा आणि मित्राला त्याने परत आणलंच पाहिजे, एवढं सोडून सगळं बदलायची तयारी आहे.

जुना_कागद:
ताई, आधी घरचं बघू. महाराज ६ फेब्रुवारी १९३९ ला गेले आणि युद्ध सुरू झालं त्याच वर्षी सप्टेंबरात. १९४० मध्ये गादीवर त्यांचे नातू प्रतापसिंहराव होते. लंडनच्या वाचकाला हे कळणार नाही पण आपल्या बडोद्यात मांडवीतल्या माणसाला तिथेच खटकेल आणि मग पुढचं सगळं तो संशयानेच वाचेल.

बडोदा स्क्वॉड्रन खरी आहे, आरएएफची म्हणजे ब्रिटिश हवाई दलाची १२४ नंबरची. पण ती या युद्धात उभी राहिली मे १९४१ मध्ये, स्कॉटलंडच्या पार उत्तरेला कॅसलटाउनला. ब्रिटनची लढाई म्हणतात ती जुलै ते ऑक्टोबर १९४०, म्हणजे तुझा मुलगा ज्या स्क्वॉड्रनमध्ये आहे ती तेव्हा नव्हतीच. आणि नाव बडोद्याचं पडलं ते पैसा बडोद्याचा म्हणून, मुलं बडोद्याची म्हणून नव्हे. संस्थानांनी विमानांसाठी देणगी दिली की नाव मिळायचं, हैदराबादच्या नावाचीही १५२ नंबरची होती.

कॅप्टन हा लष्करातला हुद्दा. हवाई दलात पायलट ऑफिसर, फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट असं चढत जातं. ग्रुप कॅप्टन असतो पण तो खूप वरचा, बावीस वर्षांचा पोरगा नाही. आणि लढाऊ स्पिटफायरमध्ये एकच माणूस मावतो गं, मागे सीटच नाही.

वारसिया_वाचक:
मला हे एवढं पटत नाही. फॅनफिक आपण माणसांसाठी वाचतो, तिचा चौथा भाग वाचून मला रात्री झोप आली नव्हती आणि तेव्हा सीट किती हा प्रश्न मनात आलाच नाही. तारीख चुकली म्हणून त्या दोघांची मैत्री खोटी होत नाही. इतकं सोलून काढलंत तर नवीन मुलं लिहायचीच थांबतील.

फिटरची_नात:
दादा, मैत्री खोटी होत नाही पण भीती खोटी होते. माझे आजोबा तेव्हा हवाई दलात फिटर, म्हणजे विमानं दुरुस्त करणारे, होते, विमान परत येईपर्यंत कोणी जेवायला बसायचं नाही असं सांगायचे. त्यामुळे मला हे जवळचं आहे.

१९४० च्या स्पिटफायरला आठ मशिनगन, प्रत्येकीला ३०० गोळ्या. बटण दाबून धरलं तर साधारण १५ सेकंदात सगळं खलास. तिच्या मुलाने दोन पानं गोळ्या झाडल्यात! आता हेच १५ सेकंद धरून लिहून बघा, तो दोन सेकंद दाबतो, बोट उचलतो, मनात मोजतो, अजून किती उरलं, आणि समोरचा अजून पडलेला नाही. तसंच इंजिनचं. एकदम नाक खाली घातलं की इंधन पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरमुळे स्पिटफायरचं मर्लिन इंजिन क्षणभर गचके खायचं आणि जर्मन मेसरश्मिट विमानाला इंधनाचं थेट इंजेक्शन असल्यामुळे तो सरळ खाली सूर मारून निसटायचा. आपल्याला आधी विमान उलटं करून मग खाली यावं लागायचं, तेवढ्यात तो गेलेला. १९४१ मध्ये बिएट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी एक छोटीशी भोकाची चकती बसवून यावर बराचसा इलाज काढला. असली चकती बसवणारा माणूस कुठल्याच कथेत दिसत नाही, ताई तू घाल ना.

जुना_कागद:
वारसियावाले दादा, मैत्री ठेवायची असेल तर उलट इतिहासच मदत करतो. ताई, मुलाला सरळ इंडियन एअर फोर्समध्ये घे. १९४० च्या शरदात २४ भारतीय वैमानिक इंग्लंडला गेले होते, त्यात मोहिंदर सिंग पुज्जी होते, पगडी घालून हरिकेन हे लढाऊ विमान उडवणारे. पण ते २४ जण खरे होते, त्यात आपला घुसवू नये असं मला वाटतं. त्यापेक्षा १९४४, ब्रह्मदेशाची आघाडी. इंफाळला १ नंबरची स्क्वॉड्रन हरिकेन घेऊन होती, अर्जन सिंग तिचे प्रमुख, डीएफसी हे शौर्यपदक त्यांना तिथल्याच कामगिरीसाठी मिळालं. आणि ७ आणि ८ नंबरच्या भारतीय स्क्वॉड्रनकडे तेव्हा व्हल्टी व्हेंजन्स नावाची डाइव्ह बॉम्बर, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारी, विमानं होती, त्यात पायलटच्या मागे गनर, म्हणजे बंदूक चालवणारा, बसायचा. तुझा जखमी मित्र तिथे बसव. त्याला सीटवर घालावं लागणार नाही, तो आधीपासून तिथेच आहे, वायरलेसवर बोलायचा थांबलाय, आणि याला मागे वळून बघता येत नाही.

फक्त इंडियन एअर फोर्सच्या नावाआधी 'रॉयल' लावू नकोस, ते मार्च १९४५ मध्ये लागलं.

रावपुरा_रातराणी:
जुना_कागद काका, शेवटची ओळ वाचून अंगावर काटा आला. सगळं हलवते, ७ नंबर आणि व्हेंजन्स. महाराजांचा सीन मला सोडवत नाही, म्हणून तो मुलगा लहान असताना १९३६ मध्ये महाराजांच्या राज्याच्या हीरक महोत्सवात गर्दीतून त्यांना बघतो असं करते, पाठीवरचा हात त्याच्या वडिलांचा. आणि बडोदा स्क्वॉड्रनही ठेवते, आसाममध्ये तंबूत त्याला कुणीतरी जुन्या पेपरात ते नाव दाखवतं आणि तो विचारतो, यात आमच्या गावचा कोण आहे?

फिटरची_नात ताई, तुझ्या आजोबांचं ते जेवायला न बसणं घेऊ का कथेत?

फिटरची_नात:
घे. फक्त शेवटी त्यांना जेवायला बसव.