दक्षिण महासागरावरच्या ढगांत विमानं पाठवा, नुसते महासंगणक पुरे नाहीत

सातारकर
हवामानाच्या संगणकी मॉडेलांना ऊठसूट शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही. पण अंटार्क्टिकाभोवतीच्या ढगांबाबत त्यांनी बरीच वर्षं माती खाल्ली. ढगातला थेंब शून्याखाली गेला म्हणून लगेच गोठत नाही. त्याला धुळीसारखा एखादा कण लागतो. तो नसेल तर उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत थेंब द्रवच राहू शकतो. तिथे जमीन लांब, धूळ कमी. जुनी मॉडेलं मात्र ढग भराभर गोठवायची. स्फटिक मोठे होऊन गळून पडतात, ढग विरळ होतो आणि मॉडेलमधला समुद्र नको तेवढं ऊन पितो.

२०१८ मध्ये 'सॉक्रेटिस' मोहिमेचं अमेरिकी विमान होबार्टहून उडून या ढगांत शिरलं आणि थेंब मोजून आलं. असल्या मोहिमा फार थोड्या होतात. पुढचा पैसा आधी इथे घाला.

बिनढगाळ
असहमत. विमानावरच्या प्रोबमधून, म्हणजे कण मोजणाऱ्या उपकरणातून, जाते ती अफाट ढगाची एक बारीक रेघ. त्यावरून महासागराबद्दल बोलायचं? कॅलिप्सो उपग्रह २००६ ते २०२३ लेसर टाकून पाणी आणि बर्फ वेगळं ओळखत होता. थेंब जास्त आहेत हे 'सॉक्रेटिस'च्या आधीच कळलं होतं. आणि विमानाची मोजणी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी? स्फटिक प्रोबच्या टोकावर आपटून फुटायचे आणि एकाचे कित्येक मोजले जायचे.

सातारकर
टोकांचा आकार बदलला ना पुढे! तुमचा लेसर दाट थेंबांच्या थरात वरवरच विझतो. उणे ३ ते उणे ८ अंशांत थेंब बर्फकणावर चिकटून गोठताना किरच्या उडतात आणि स्फटिक वाढत जातात, हे हॅलेट आणि मॉसप यांनी १९७४ मध्ये दाखवलं. हे सगळं ढगाच्या पोटात चालतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने मान्सूनच्या ढगांत विमान घातलंच ना, उपग्रह असूनही?

एटीआरवाला
विमानात माणसंही असतात हो. कोरडा स्फटिक थंड पंखावरून उडून जातो, शून्याखाली जाऊनही द्रव राहिलेला अतिथंड थेंब टेकताक्षणी गोठू लागतो. १९९४ ला अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर-७२ या प्रवासी विमानाच्या पंखावर बर्फ फोडणाऱ्या रबरी पट्ट्यांच्या मागे बर्फ साठला. ६८ जण गेले. स्फटिक निरुपद्रवी असंही नाही. २००९ च्या एअर फ्रान्स ४४७ मध्ये त्यांनीच विमानाचा वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बुजवल्या. (तो ढग विषुववृत्ताकडचा होता, कोणी पकडायच्या आत सांगून टाकतो.) अंटार्क्टिकात ट्विन ऑटर हे छोटं विमान उडवणाऱ्याला समोरच्या ढगात पाणी किती हे आज हवं असतं, २१०० सालचं नाही.

बिनढगाळ
मान्य, पण तो रोजच्या अंदाजाचा विषय. हवामानबदलाचं बघा. नव्या पिढीच्या मॉडेलांत थेंब वाढवले आणि कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावरच्या तापमानवाढीचा कमाल आकडा ४.७ वरून ५.६ अंशांवर गेला. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीने २०२१ मध्ये इतर पुरावे तोलून २.५ ते ४ अंश हीच बहुधा खरी ठरेल अशी मर्यादा धरली. ढग सुधारले नि उत्तर बिघडलं!

सातारकर
आधीचं उत्तर चुकीच्या कारणाने बरोबर येत होतं. मॉडेलमधला जास्तीचा बर्फ हवा तापली की थेंबांत बदलायचा, ढग उजळायचे, तापणं आवरलं जायचं. तो आधार काढला, आकडा वर गेला. म्हणजे आणखी कुठल्या तरी ढगात चूक दडली आहे. ती महासंगणक कशी शोधणार?

बिनढगाळ
२०२४ ला सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहावर लेसरसोबत रडारही आहे आणि रडार दाट थरातूनही पुढे जातं. त्याच्या काही वर्षांच्या नोंदी येऊ द्या, मग विमान नेमकं कुठे पाठवायचं ते तरी ठरवता येईल.